कोंबडीवर घेतलेला आळ

एप्रिल १९६३ मध्ये आमची पलटण सीमेवरून उतरून पीस स्टेशनला आली. पीस स्टेशन म्हणजे जिथे बूट काढून झोपता येते अशी छावणी. मी तेव्हा नाईक होतो आणि एका सेक्शनचा कमांडर होतो. सेक्शन म्हणजे दहा माणसे. माझ्या सेक्शनमध्ये त्या वेळी आठ उरली होती. मला साठ दिवसांची वार्षिक रजा मंजूर झाली. रजेच्या अर्जात मुक्कामाचा पत्ता लिहावा लागतो. मी बोरी अरब लिहिले. ते माझे गाव. पण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ट्रंक भरताना मला ठाऊक होते की आधी दुसऱ्या घरी जायचे आहे.

ते घर सिपाही लेतू आत्राम याचे. लेतू माझ्या सेक्शनमधील लाइट मशीनगनचा नंबर एक, म्हणजे गन चालवणारा. तो यवतमाळ जिल्ह्याचाच, झरी जामणीच्या जंगलपट्ट्यातील कोलाम. पलटणीत आमच्या जिल्ह्याचे आम्ही दोघेच. ड्युटीवर तो मला ‘नाईकजी’ म्हणे, ड्युटी संपली की ‘दादा’. नोव्हेंबर १९६२ मध्ये तो मारला गेला.

प्रसंग क्रमाने सांगतो. आमचे ठाणे एका उताराच्या टोकाला होते. वायरलेस ऑपरेटर सकाळीच जखमी होऊन मागे गेला होता, म्हणून सेट माझ्याकडे होता. लेतू गन घेऊन पुढच्या खंदकात एकटा होता. बाकीचे तीस यार्ड मागे. दुपारी चार वाजता प्लॅटून कमांडर जमादार साहेबांचा आवाज सेटवर आला.

“अंधेरा होने तक कोई हिलेगा नहीं. उसके बाद पीछे आओ. समझे? ओव्हर.”

“समझ गया साहब. आउट.”

चार चाळीसला समोरचा गोळीबार थांबला. मला वाटले, हीच वेळ. अंधार पडायला अजून अर्धा तास होता. मी पुढच्या खंदकाकडे हाक दिली.

“लेतू, गन घे. मागे ये.”

“दादा, अजून उजेड हाये.”

ड्युटीवर त्याने मला ‘दादा’ म्हटल्याची ती एकच वेळ.

“हुकूम आहे,” मी म्हणालो.

तो बाहेर आला. सात-आठ पावले चालला. समोरच्या उतारावरून गोळ्यांचा एक बर्स्ट आला. बाकीच्यांना मी अंधार पडेपर्यंत हलू दिले नाही. रात्री आम्ही मागे आलो. त्याचा देह आणता आला नाही.

पुढे कंपनी कमांडरांनी प्रत्येक मृत जवानाविषयी लेखी जबानी मागितली. मी लिहिले : ‘सिपाही आत्राम याने आदेशापूर्वी खंदक सोडला.’ वाक्य एका अर्थी खरे होते. आदेश मीच मोडला होता, ते मी लिहिले नाही. सेटवरचा हुकूम ऐकणारा दुसरा कोणी नव्हता. मला कोणी काही विचारले नाही. पलटणीतून लेतूच्या घरी पत्र गेले, त्यात कारकुनाने ते वाक्य जसेच्या तसे उतरवले.

ते मला जानेवारीत कळले. मे महिन्यात मी त्याच्या आईकडे निघालो, ते हे सांगण्यासाठी.

यवतमाळहून पांढरकवड्यापर्यंत मोटर होती. पुढे एका लाकडाच्या ट्रकने अर्धी वाट आणि उरलेले अकरा मैल पायी. कोलामांच्या वस्तीला तिकडे पोड म्हणतात. लेतूचे पोड म्हणजे सतरा झोपड्या, एक विहीर आणि मधोमध मोहाचे झाड. दुपारचे साडेतीन झाले होते. ऊन असे की झाडाखालची कुत्रीही मान वर करत नव्हती.

लेतूची आई सोमाबाई अंगणात तेंदूच्या पानांचे पुडे बांधत बसली होती. पन्नाशीची, बारीक, उन्हाने काळवंडलेली. तिने माझा युनिफॉर्म पाहिला आणि हातातील पुडा पूर्ण बांधून खाली ठेवला.

“लेतूच्या पलटणीचा?”

“हो माय. मी त्याचा नाईक.”

शेजारच्या झोपडीतून एक म्हातारा काठी टेकत आला. हा पोडाचा प्रमुख, भीमा. कोलामांत पोडाच्या प्रमुखालाही नाईक म्हणतात. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिले.

“एका पोडात दोन नाईक? मंग आता कोंबड्यायनं कोनाचं आयकाव?”

“कोंबड्या तुहं तरी कवा आयकते रे!” सोमाबाई म्हणाली.

तिने मला पाणी दिले. मी पीत असताना तिने विचारले. वाट पाहिली नाही, प्रस्तावना केली नाही.

“मास्तरानं कागद वाचून दाखवला. त्याच्यात लिवलं हाये का लेतूनं जागा सोडली. तो पळून राह्यला होता काय, बाबू?”

मी हे सांगण्यासाठीच आलो होतो. वाक्य तयार होते. ट्रकमध्ये बसून मी ते पाठ केले होते.

“माय, मी थकलो आहे,” मी म्हणालो. “उद्या सांगतो.”

तिने पुढचा पुडा बांधायला घेतला. म्हाताऱ्याने जमिनीकडे पाहिले. लेतू पळाला, असे उत्तर त्याने माझ्या टाळण्यातून काढले असावे, आणि ते चुकीचे होते.

मी एका रात्रीसाठी गेलो होतो. तिथे पंधरा दिवस राहिलो. कारण एक कोंबडी.

झोपडीच्या आतल्या कोपऱ्यात, कणगीमागे, एका टोपल्यात ती बसली होती. तांबूस, मानेवर काळी पिसे. खुडूक झालेली, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. टोपल्यात खाली राख, तिच्यावर कडुनिंबाचा पाला, त्यावर कुटार, म्हणजे भुसा, आणि कुटारावर सात अंडी. अंडी ठेवून बारा दिवस झाले होते. मार्चमध्ये पोडात कोंबड्यांच्या मानमोडीची साथ आली होती. सोमाबाईच्या अकरा कोंबड्यांपैकी ही एक वाचली. पोडात दुसरी खुडूक कोंबडी नव्हती.

तिने मला कारण सांगितले. त्या घरची रीत अशी होती. घराचा माणूस बाहेर मेला आणि त्याची माती हाती आली नाही, तर त्याच्या मागे त्या घरात जन्मलेले पिल्लू घ्यायचे. पाच दिवसांचे झाले की पोडासमोर त्याच्यापुढे दाणे ठेवायचे. पिल्लाने दाणा टिपला की माणूस घरी आला. ते पिल्लू कापत नाहीत. ते वाढते, म्हातारे होते, मरते. विकत आणलेले किंवा मागून आणलेले पिल्लू चालत नाही. ही रीत सर्व कोलामांची की त्या एका घराची, हे मी विचारले नाही.

“सहा महिने झाले तो बाहीर हाये,” ती म्हणाली. “ऊन, पाऊस, सारं बाहीर.”

आमच्या घराने १९५६ मध्ये बौद्ध धम्म घेतला. मी तेव्हा नुकताच भरती झालो होतो. देव, अंगारे, नवस, कौल यांच्याशी माझा संबंध त्या वर्षी संपला, तो आजतागायत नाही. मी तिला तसे सांगू शकलो असतो. पण तिच्याशी वाद घालण्याचा अधिकार मला नव्हता, एवढे समजत होते.

ती आणि पोडातील सर्व बाया पहाटे चारला तेंदूपत्ता तोडायला जंगलात जात, दुपारी बाराच्या सुमारास परत येत, मग पुडे बांधून संध्याकाळी फडीवर, म्हणजे पाने मोजून घेण्याच्या जागी, देत. सकाळभर कोंबडीवर लक्ष ठेवायला कोणी नव्हते. भीमा होता, पण त्याला डोळ्यांनी कमी दिसे आणि तो मोहाखाली झोपे. एकदा मांजर घरात शिरले होते.

“मी थांबतो,” मी म्हणालो.

“तुले समजते काय कोंबडीतलं?”

“आमच्या घरी होत्या.”

“घरी तं साऱ्याच्याच असतात,” ती म्हणाली. पण नाही म्हणाली नाही.

मला काम मिळाले आणि उत्तर पुढे ढकलता आले. दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या.

मी रुटीन लावले. सकाळी साडेपाचला कोंबडी उठवायची. दाराबाहेर ज्वारीच्या कण्या आणि पाणी. ती खाई, पिई, विष्ठा टाकी, चुलीच्या राखेत लोळे. बारा मिनिटे. तेवढ्यात मी कुटार पाही. ओले असेल तर बदली. बारा मिनिटांनी ती स्वतःच आत जाई. उशीर केला तर मी तिला पुढे घाली. दहा वाजता गोणपाट ओले करून टोपल्याच्या भिंतीला बाहेरून टेकवायचे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की अंड्यातील पापुद्रा पिल्लाच्या अंगाला चिकटतो. हे सोमाबाईने शिकवले. बारा वाजता पुन्हा गोणपाट. मांजरासाठी दारात एक काठी.

माझ्याकडे टॉर्च होता. पहिल्याच सकाळी मी झोपडीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकेक अंडे टॉर्चवर धरून पाहिले. पाचांत काळी सावली आणि लाल शिरा दिसल्या. दोन स्वच्छ होती, आरपार उजेड जात होता. ती फुकट. दुपारी मी सोमाबाईला ऐटीत रिपोर्ट दिला.

“कोपऱ्यातलं लहान आन् ते डाग असलेलं?” तिने विचारले.

“होय. तुला कसे कळले?”

“हाती घेतलं का समजते. थंड असते.”

“मग काढली का नाहीत?”

“असू द्या. कोंबडीले मोजता येत नाही, पन टोपलं हलकं झालं का तिले समजते.”

भीमा बाहेरून ओरडला, “फौजी, तुह्या बत्तीनं माह्या डोयातलं पाय जरा. आत काही शिल्लक हाये का नाही!”

मी हसलो. त्या पोडात मला हसू येत असे, याचेही नंतर वाईट वाटे.

रोज संध्याकाळी फडीवरून आली की सोमाबाई माझ्यासमोर भाकर ठेवी आणि समोर बसे. दुसऱ्यांदा प्रश्न तिने विचारला नाही. माझे जेवण होईपर्यंत ती बसे, मग ताट उचलून नेई. सहा संध्याकाळी असे झाले. सातव्या संध्याकाळी मी भराभर जेवलो.

अंड्यांच्या अठराव्या दिवशी तिने सांगितले, “उद्यापासून तिले उठवू नोको. आंड्याले हात लावू नोको. पाहूही नोको. पानी फक्त तिच्या चोचीपाशी ठेव.”

“किती दिवस?”

“निंगतपर्यंत. तिचं काम तिले करू दे.”

मी दोन दिवस तो हुकूम पाळला. पाहत नव्हतो, पण ऐकत होतो. विसाव्या दिवशी दुपारी कोंबडी आत वेगळ्याच आवाजात बोलू लागली, खोल, तुटक. अंड्यांतून उत्तर येत होते. सोमाबाईने कान लावला. दोन अंड्यांना टोच पडली होती, म्हणजे पिल्लाने आतून चोचीने कवच फोडले होते. ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसली.

एकविसाव्या दिवशी पहाटे निघताना ती दारात थांबली.

“घाई करू नोको. टोच पडल्यावर एक दिवस लागते. कदी जास्तही. आतलं रगत पिल्लाच्या पोटात आटू द्या लागते. समजलं?”

“समजले.”

हा शब्द मी आधीही एकदा उच्चारला होता.

सहा वाजता दोन्ही अंडी तशीच होती. सात वाजता तशीच. एकाची टोच रुपयाएवढी झाली होती, आत चोच हलत होती. आठ वाजता आवाज कमी झाला. मी बाहेर गेलो, आत आलो. नऊ वाजता आवाज थांबला असे वाटले. गोणपाट ओले केले. टोपल्यात हात घातला, कोंबडीने टोचले, हात काढला. साडेनऊला मला खात्री झाली की पिल्लू आत गुदमरत आहे आणि आपण काहीच करत नाही. काही न करणे हेच काम आहे, हे मला दुसऱ्यांदाही समजले नाही.

मी कोंबडीला पंखांखालून धरून बाजूला केले. अंडे हातात घेतले. नखाने कवच सोलू लागलो. थोडे सोलल्यावर पापुद्रा आला. तो ओला होता, त्यावर लाल बारीक शिरा होत्या. मी तो फाडला. रक्त आले. थोडेच, पण थांबेना. पिल्लू बाहेर आले. पोटाला पिवळा गोळा लटकत होता, जो आत जायचा राहिला होता. मी ते रुमालात धरले. दहा वाजून दहा मिनिटांनी ते मेले.

तेवढ्यात कोंबडी भडकली होती. ती टोपल्यात परत उडी मारून बसली, फिरली, पुन्हा उठली. तिच्या पायाखाली टोच पडलेले दुसरे अंडे दबले. मी पाहिले तेव्हा ते चपटे झाले होते.

ती दोन फुकट सोडली तर तीन अंडी उरली. त्यांना अजून टोच नव्हती.

मी दोन्ही पिल्ले टोपल्याजवळ ठेवली. हात धुतले. नखांत रक्त राहिले होते, तेही काढले. बाराला वीस मिनिटे असताना सोमाबाई डोक्यावर पानांचा भारा घेऊन आली. भारा टाकायच्या आधीच तिला दारातून दिसले.

“हे काय झालं?”

“कोंबडीने टोचले,” मी म्हणालो.

मी ते ठरवले नव्हते. पण शब्द अडखळला नाही. सवयीची गोष्ट जशी तोंडातून येते तसा आला.

ती खाली बसली. मेलेली पिल्ले उलटीपालटी करून पाहिली. तिचा चेहरा कोरा होता. मग तिने कोंबडीला मानेजवळ पकडले आणि बाहेर काढले.

“भीमा!” तिने हाक मारली. “सुतळी आन.”

भीमा आला. “काहून? काय झालं?”

“पिल्लंखाऊ निंगाली. दोन खाल्ले. इच्याखाली आता आंडे ठेवता येत नाही.”

“मंग आंडे?”

“कापसात ठेवतो. राखीपाशी. जे होईन ते.”

भीमाने मान हलवली. “नाही निंगत बाई तसे. टोच नाही पडली अजून.”

“मंग काय करू? इच्या पोटात घालू?”

तिने कोंबडीचे पाय बांधले. कोंबडी पाय झाडत नव्हती. ती टोपल्याकडे मान वळवून तोच खोल आवाज काढत होती. सोमाबाईने अंड्यांवर हात ठेवला, जणू हातच पुरेल. तिच्या हाताला पानांचा चीक लागून काळे झाले होते. बारा वाजून तीन मिनिटे झाली होती. मी घड्याळ पाहिले होते, म्हणून सांगतो. कोंबडी जमिनीवर बांधलेली, अंडी उघडी. जेवढा वेळ मी गप्प राहिलो तेवढा वेळ ती उघडी होती.

“माय, सोड तिला,” मी म्हणालो. “तिने नाही मारले. मी अंडे सोलले. दुसरे माझ्यामुळे तिच्या पायाखाली आले.”

सोमाबाईने वर पाहिले. रागाने नाही. समजून घ्यायला.

“मंग तिचं नाव काहून घेतलं?”

“ती बोलत नाही म्हणून.”

भीमा दारात तसाच उभा होता. मी पुढे बोललो, कारण थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

“लेतूचेही मी असेच केले. तो पळाला नाही. जागा सोडली नाही. मी त्याला बाहेर बोलावले. कागदात त्याचे नाव मी घातले.”

सोमाबाईने कोंबडीच्या पायांची सुतळी सोडली. गाठ घट्ट बसली होती, तिने दातांनी सोडली. कोंबडी टोपल्यात ठेवली. कोंबडी दोनदा फिरली, अंडी पोटाखाली ओढली आणि बसली. मग सोमाबाईने दोन्ही पिल्ले उचलली, मागच्या कुंपणापाशी खड्डा केला आणि पुरली. परत आली. पुडे बांधायला बसली. सगळे पुडे बांधून झाले. फडीवर गेली. आली. त्या संध्याकाळी माझ्यासमोर भाकर नव्हती.

दिवा लागला तेव्हा तिने विचारले.

“त्यानं काय म्हटलं होतं? बाहीर येतानी?”

“‘दादा, अजून उजेड हाये.’”

“आन् तू?”

“मी म्हणालो, हुकूम आहे.”

“होता काय?”

“नव्हता. हुकूम उलटा होता.”

तिने दिव्याची वात थोडी आत ओढली.

“त्याले उजेड समजे,” ती म्हणाली. “रानातला होता.”

मी सकाळी निघायची तयारी केली. ट्रंक बांधली. ती दारात येऊन उभी राहिली.

“कुठी चालला?”

“माय, माझे तोंड तुझ्यासमोर—”

“तोंड राहू दे. आंडे निंगतपर्यंत आन् पिल्लं पाच दिवसाचे होतपर्यंत तू इथीसा थांबशीन. मले पान तोडाले जा लागते. तूच राख.”

तो हुकूम होता. मी ट्रंक सोडली.

बाविसाव्या दिवशी सकाळी दोन अंड्यांतून पिल्ले निघाली. मी दाराबाहेर पाठ करून बसलो होतो. आत पाहिले नाही. तिसरे अंडे निघाले नाही. मी दुसरे अंडे सोलले त्या दिवशी ते थंड पडले की आधीच मेलेले होते, हे सांगता येणार नाही. सोमाबाईने ते हातात घेतले, थोडा वेळ धरले आणि कुंपणापाशी नेले.

पहिला पूर्ण दिवस पिल्लांना काही द्यायचे नसते. पोटात गेलेला पिवळा गोळा त्यांना पुरतो. दुसऱ्या दिवसापासून कण्या बारीक करून, आणि वारुळातील उधई, म्हणजे वाळवी. मी रोज पहाटे नाल्याकडे जाऊन वारुळाचा एक तुकडा तोडून आणी आणि अंगणात झटकी. उधई पडली की कोंबडी बोलावी आणि पिल्ले धावत. पाणी बशीत, बशीत खडे, नाही तर पिल्लू बुडते. उन्हात अकरानंतर डालग्याखाली, डालग्यावर ओले गोणपाट. डालगे म्हणजे बांबूची मोठी पालथी टोपली. मुंगसासाठी डालग्यावर दगड. घारीसाठी मी स्वतः.

तिसऱ्या दिवशी घार आली. मोहाच्या शेंड्यावरून एकदम खाली. कोंबडीने एक आवाज काढला, असा की दोन्ही पिल्ले जागच्या जागी जमिनीला चिकटली. हलली नाहीत. मी काठी घेऊन मध्ये उडी मारली आणि पडलो. घार माझ्या डोक्यावरून वळली. भीमा मोहाखालून ओरडला.

“फौजी, तुह्यापेक्शा पिल्लायले अक्कल हाये! माय हलू नोको म्हनते तं हलत नाही!”

तो मुद्दाम बोलला की सहज, हे मला कळले नाही. मी उठून गुडघे झटकले. कोंबडी बराच वेळ आकाशाकडे एक डोळा लावून उभी राहिली. मग तिने वेगळा आवाज काढला आणि पिल्ले हलली.

पाचव्या दिवशी सकाळी जंगलाचे काम बंद होते. सोमाबाईने अंगण सारवले. पोड जमले. साठेक माणसे असतील. ती मला म्हणाली, “इथी उभा राह्य. सांग साऱ्यायले.”

“काय?”

“जे मले सांगतलं.”

मी परेडला उभा राहतो तसा उभा राहिलो. दुसरे काही मला येत नव्हते. मी म्हणालो, “लेतू पळाला नाही. त्याला जागेवर राहण्याचा हुकूम होता. तो मी मोडला. मी बोलावले म्हणून तो बाहेर आला आणि गोळी लागून मेला. मग मी खोटे लिहिले. कागदात आलेले ते माझे खोटे आहे.” सोळा-सतरा सेकंदांत संपले. सहा महिने हे सांगणे मी मोठी गोष्ट समजत होतो.

एक म्हातारी पुढे आली, माझ्या तोंडाकडे जवळून पाहिले आणि परत गेली. दुसरे कोणी जागचे हलले नाही.

सोमाबाईने दोन पिल्लांतील एक जमिनीवर सोडले. त्याच्यापुढे भीमाने तांदळाचे दाणे ठेवले. पिल्लू उभे राहिले, डोके तिरपे केले, पाय खाजवला. मग दाणा टिपला. दुसरा टिपला. भुकेले पिल्लू दाणा टिपते, यात मला नवल वाटण्यासारखे काही नाही. मी बौद्ध आहे. पण त्या क्षणापर्यंत मी श्वास रोखून धरला होता, हे श्वास सोडल्यावर कळले.

सोमाबाई पिल्लासमोर उकिडवी बसली आणि कोलामीत दोन-तीन शब्द बोलली. पोडातील बाया रडू लागल्या. मी भीमाला विचारले, ती काय म्हणाली.

“काही नाही,” भीमा म्हणाला. “‘आलास? पाय धू’ म्हनली. बाहेरून आलेल्या पोराले म्हनते तसं.”

मी दुपारी निघालो. भीमा नाल्यापर्यंत सोबत आला. सोमाबाई दारात आली नाही. ती घरात होती, मला तिची पाठ दिसली. क्षमा केली असे ती म्हणाली नाही आणि मी मागितली नाही. ते योग्य होते.

बोरी अरबला मी रजेतील उरलेले दिवस घरच्यांबरोबर काढले. पलटणीत परतल्यावर पहिल्याच दिवशी कंपनी कमांडरांसमोर उभा राहिलो आणि जबानी दुरुस्त करून दिली. त्यांनी ती दोनदा वाचली.

“का आता?”

“साहेब, आधीच द्यायला हवी होती.”

चौकशी झाली. माझ्या बाहीवरची हुद्द्याची एक फीत उतरली. पुढे ती परत मिळाली, पण त्या दोन्ही गोष्टींचे मला फारसे काही वाटले नाही. लेतूच्या घरी पलटणीतून दुसरे पत्र गेले. त्यात पहिले वाक्य चुकीचे असल्याचे लिहिले होते. मास्तराने ते वाचून दाखवले असेल. मी पुन्हा त्या पोडात गेलो नाही. जायला हवे होते का, हे मला आजही ठरवता येत नाही.

सेक्शनमधील मेलेल्यांची नावे मी अजून पाठ म्हणू शकतो. त्यातील एक इथे लिहून ठेवतो, कारण ते एकदा खोट्या वाक्यात लिहिले गेले होते. सिपाही लेतू आत्राम. वय बावीस. लाइट मशीनगनचा नंबर एक. अविवाहित. मागे आई. त्याला हुकूम मिळाला तोपर्यंत तो जागेवर होता. उजेड आहे असे त्याने सांगितले. मग तो बाहेर आला, कारण बोलावणाऱ्यावर त्याचा विश्वास होता. बोलावणारा मी.